ज्याँ ब्राशे

ज्याँ लुई ऑग्युस्त ब्राशे (जन्म : १९ मार्च १९०९, एटरबेक, ब्रुसेल्स, मृत्यू : १० ऑगस्ट १९८८, ब्रेन-लाल्यू, बेल्जियम) हे बेल्जियन जीवरसायनशास्त्रज्ञ आणि भ्रूणवैज्ञानिक होते. पेशीतील डीएनए हे केंद्रकातील गुणसूत्रांत, तर आरएनए हे मुख्यत्वे पेशीद्रव्यात असते, हे त्यांनी दाखवून दिले. आरएनए आणि प्रथिननिर्मिती यांचा निकटचा संबंध ओळखणाऱ्या पहिल्या संशोधकांत त्यांची गणना होते. बेडूक व इतर उभयचर प्राण्यांची अंडी आणि सागरी अर्चिनची अंडी ही त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाची साधने होती. अंड्यात मातेने साठवून ठेवलेला, परंतु काही काळ निःशब्द राहणारा आनुवंशिक संदेश ही आज सर्वमान्य असलेली कल्पना ज्या प्रयोगांतून आकाराला आली, त्यांतील अनेक प्रयोग ब्राशे यांच्या ब्रुसेल्स येथील प्रयोगशाळेत झाले.

बालपण व शिक्षण

ब्राशे यांचे वडील आल्बेर ब्राशे (१८६९–१९३०) हे त्या काळातील नामांकित भ्रूणवैज्ञानिक आणि ब्रुसेल्स मुक्त विद्यापीठात प्राध्यापक होते. बेडकाच्या अंड्याचे फलन हा त्यांचा विशेष अभ्यासविषय होता. अंडे म्हणजे केवळ पोषक द्रव्यांचा साठा नसून भावी जीवाच्या रचनेचे काही निर्णय फलनापूर्वीच किंवा फलनाच्या क्षणी त्यात झालेले असतात, असे त्यांचे मत होते. हे निर्णय कोणत्या रासायनिक द्रव्यांच्या रूपाने अंड्यात असतात, हे सांगण्याचे साधन मात्र त्या पिढीजवळ नव्हते. वडिलांनी वर्णनाच्या पातळीवर मांडलेला हा प्रश्न मुलाने पुढे रसायनशास्त्राच्या भाषेत विचारला.

ज्याँ ब्राशे यांनी ब्रुसेल्स मुक्त विद्यापीठात वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेतले व १९३४ मध्ये पदवी मिळवली. तथापि त्यांचे संशोधन विद्यार्थिदशेतच सुरू झाले होते. वडिलांचे शिष्य व उत्तराधिकारी आल्बेर दाल्क यांच्या प्रयोगशाळेत ते काम करू लागले. अंडपेशी वाढत असताना तिच्या केंद्रकातील थायमोन्यूक्लिइक अम्लाचे (म्हणजे आजच्या डीएनएचे) काय होते, हा विषय दाल्क यांनी त्यांना दिला. त्या वेळी फॉयल्गेन अभिक्रिया ही डीएनए रंगवून दाखवणारी पद्धत नवीनच होती. तिचा उपयोग करून ब्राशे यांनी निरनिराळ्या प्राण्यांच्या अंडपेशी तपासल्या आणि १९२९ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानंतर त्यांनी केंब्रिज विद्यापीठ, प्रिन्स्टन विद्यापीठ तसेच अनेक सागरी जीवविज्ञान केंद्रांत काम केले. केंब्रिज येथे जोसेफ नीडहॅम आणि सी. एच. वॉडिंग्टन यांच्यासमवेत उभयचर भ्रूणांतील रचनेला चालना देणाऱ्या द्रव्यांचा त्यांनी अभ्यास केला.

न्यूक्लिइक अम्लांविषयीचे संशोधन

१९३० च्या सुमारास न्यूक्लिइक अम्लांचे दोन वर्ग मानले जात. वासराच्या थायमस ग्रंथीतून मिळणारे ते प्राण्यांचे आणि यीस्टमधून मिळणारे ते वनस्पतींचे, अशी ही विभागणी होती. अंड्यासंबंधी आणखी एक वाद होता. सागरी अर्चिनच्या एका अंड्यापासून शेकडो पेशी होतात आणि प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डीएनए असते. मग हे डीएनए विकास होत असताना नव्याने तयार होते, की अंड्यात आधीच साठवलेले असते?

ब्राशे यांनी १९३३ मध्ये या प्रश्नाचे उत्तर देताना तिसरीच गोष्ट दाखवली. सागरी अर्चिनच्या अंड्यात तथाकथित वनस्पतींचे न्यूक्लिइक अम्ल, म्हणजेच आरएनए, मोठ्या प्रमाणावर असल्याचे त्यांना आढळले. त्यामुळे प्राणी आणि वनस्पती ही विभागणी कोसळली. दोन्ही अम्ले सर्व सजीवांच्या पेशींत असतात. त्यांतील एक गुणसूत्रांत व दुसरे मुख्यतः पेशीद्रव्यात असते, ही नवी मांडणी पुढे आली. अंड्यातील आरएनए हा डीएनए तयार करण्यासाठी ठेवलेला कच्चा माल असावा, असा तर्कही ब्राशे यांनी त्या वेळी केला होता. तो पुढे टिकला नाही. मात्र पेशीद्रव्यात एवढे आरएनए कशासाठी असते, हा प्रश्न त्यातून शिल्लक राहिला आणि त्यानेच त्यांच्या पुढील संशोधनाला दिशा दिली.

आरएनए पेशीत नेमके कोठे आहे हे पाहण्यासाठी ब्राशे यांनी एक सोपी पण खात्रीची पद्धत तयार केली. मिथिल ग्रीन व पायरोनिन या दोन रंगांच्या मिश्रणाने पेशी रंगवल्यास डीएनए हिरवे व आरएनए लाल दिसते. परंतु लाल दिसणारे सर्वच आरएनए असेल याची खात्री नसते. म्हणून ब्राशे यांनी ऊतींचा दुसरा तसाच काप आधी रायबोन्यूक्लिएझ या एंझाइमाने धुऊन घेतला. हे एंझाइम केवळ आरएनएचे विघटन करते. धुतलेल्या कापात जेथील लाल रंग नाहीसा झाला, तेथे आरएनए होते हे निश्चित झाले.

या पद्धतीने अनेक ऊती तपासल्यावर एक सूत्र स्पष्ट झाले. पाचक रस तयार करणाऱ्या स्वादुपिंडाच्या पेशी, वाढत्या अंडपेशी आणि वेगाने वाढणाऱ्या भ्रूणपेशी यांत आरएनए विपुल होते. हृदय आणि स्नायू सतत कार्यरत असूनही त्यांत ते अल्प होते. म्हणजे आरएनएचा संबंध पेशीच्या सर्वसाधारण श्रमाशी नसून प्रथिने तयार करण्याच्या कामाशी होता. स्वीडनमधील टोर्ब्यॉर्न कास्पर्सन हेही अतिनील प्रकाशाच्या मोजमापांवरून स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला आले. १९४१–४२ मध्ये दोघांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रथिने कशी तयार होतात याविषयी त्या काळी प्रचलित असलेल्या विचारात न्यूक्लिइक अम्लांना स्थान नव्हते. त्यामुळे ही कल्पना रुजण्यास काही वर्षे लागली.

युद्धकाळ व रूज-क्ल्वात्र गट

दुसऱ्या महायुद्धात बेल्जियम जर्मनीच्या ताब्यात होता. जर्मन अधिकाऱ्यांचा हस्तक्षेप मान्य करण्याऐवजी ब्रुसेल्स मुक्त विद्यापीठाने नोव्हेंबर १९४१ मध्ये अध्यापन बंद केले. आरएनए आणि प्रथिने यांच्या संबंधाविषयीचे ब्राशे यांचे महत्त्वाचे लेखन याच काळातले आहे. रेमाँ जेनेर आणि ह्यूबेर शांत्रेन या सहकाऱ्यांसमवेत त्यांनी पेशींतील आरएनएयुक्त सूक्ष्म कण अतिवेगवान अपकेंद्रित्राने वेगळे करण्याचे काम केले. १९४४ मध्ये रासायनिक भ्रूणविज्ञानावरील त्यांचा फ्रेंच ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९५० मध्ये निघाले. भ्रूणाच्या आकारातील बदल आणि त्याच्या रसायनशास्त्रातील बदल एकत्र मांडणारा हा ग्रंथ अनेक वर्षे या विषयाचा आधार मानला जात असे.

ब्राशे, जेनेर आणि शांत्रेन यांच्याभोवती जमलेल्या संशोधकांचा समूह विज्ञानेतिहासात रूज-क्ल्वात्र गट म्हणून ओळखला जातो. बेल्जियममधील रेण्वीय जीवविज्ञानाची सुरुवात या गटापासून झाली, असे मानले जाते.

केंद्रकाविना पेशी

आरएनए प्रथिननिर्मितीत भाग घेते हे मान्य झाल्यावर पुढचा प्रश्न केंद्रकाचा होता. आनुवंशिक सूचना केंद्रकात असतील आणि प्रथिने पेशीद्रव्यात तयार होत असतील, तर केंद्रक काढून घेतल्यावर प्रथिननिर्मिती लगेच थांबायला हवी. हे पडताळून पाहण्यासाठी ब्राशे यांनी ॲसिटॅब्युलेरिया हे एकपेशीय सागरी शैवल निवडले. काही सेंटिमीटर लांबीच्या या पेशीचे केंद्रक तळाशी असते. त्यामुळे पेशी कापून केंद्रकाविना तुकडा सहज मिळवता येतो. ब्राशे आणि शांत्रेन यांना १९५१ मध्ये असे आढळले, की केंद्रकाविना तुकड्यात प्रथिननिर्मिती लगेच थांबत नाही, ती पुढे बराच काळ चालू राहते.

या निष्कर्षाचा अर्थ लावणे कठीण होते. पेशीद्रव्यातील आरएनए केंद्रकापासून बऱ्याच अंशी स्वतंत्र असावे, असा ब्राशे यांचा कल होता. केंद्रकातील डीएनएपासून आरएनए आणि आरएनएपासून प्रथिन अशी सरळ साखळी मांडणाऱ्या संशोधकांना हा कल अडचणीचा वाटे. १९६१ मध्ये संदेशवाहक आरएनएचा शोध लागला आणि साखळीची बाजू बळकट झाली. ब्राशे यांचा अर्थ बदलावा लागला. पण त्यांचे निरीक्षण खरे होते. केंद्रकाने पाठवलेले संदेश पेशीद्रव्यात दीर्घकाळ टिकून राहू शकतात आणि केंद्रक नसतानाही त्यांचे वाचन चालू राहते, असा त्याचा उलगडा पुढे झाला. शैवलातील हरितलवकांना स्वतःचे डीएनए असते, या नंतरच्या शोधानेही काही कोडी सुटली.

अंड्यातील मातृसंदेश

टिकाऊ संदेशाची ही कल्पना अंड्याच्या बाबतीत सर्वाधिक महत्त्वाची ठरली. १९६३ मध्ये ब्राशे व त्यांच्या सहकाऱ्यांनी सागरी अर्चिनच्या अंड्यांचे केंद्रकयुक्त आणि केंद्रकाविना असे दोन प्रकारचे तुकडे केले आणि शुक्रपेशीविना, कृत्रिम उपायाने, त्यांना चालना दिली. केंद्रकाविना तुकड्यांतही प्रथिननिर्मिती वाढली. नवा संदेश पाठवायला तेथे केंद्रक नव्हते. म्हणजे संदेश अंड्यात आधीपासूनच होता आणि चालना मिळेपर्यंत तो वाचला जात नव्हता. त्याच वर्षी ब्राशे आणि हेर्मान दनी यांनी ॲक्टिनोमायसिन या आरएनएनिर्मिती रोखणाऱ्या द्रव्याचा उभयचर भ्रूणांवरील परिणाम तपासला. भ्रूणाच्या सुरुवातीच्या पेशीविभाजनांत अडथळा आला नाही. मात्र त्यानंतर शरीराचे थर व अवयव घडण्याची प्रक्रिया बिघडली. विकासाचा पहिला टप्पा मातेच्या साठ्यावर आणि पुढचा टप्पा भ्रूणाच्या स्वतःच्या जनुकांवर चालतो, हे चित्र यातून पुढे आले. १९६५ मध्ये अमेरिकेतील डेनिस स्मिथ आणि रॉबर्ट एकर यांनी केंद्रक काढलेल्या बेडकाच्या अंड्यातही प्रथिननिर्मिती होते हे दाखवल्यावर या चित्राला दुजोरा मिळाला.

झेनोपस या आफ्रिकी बेडकात हा पहिला टप्पा नेमका मोजता येतो. फलनानंतर अंड्याची १२ विभाजने वेगाने होतात, सुमारे ४,००० पेशी तयार होतात आणि तोपर्यंत भ्रूणाची स्वतःची जनुके जवळजवळ मूक असतात. या काळात लागणारी प्रथिने मातेने अंडाशयात साठवलेल्या संदेशवाहक आरएनएपासून तयार होतात. हा साठा वेळेआधी वाचला गेला तर अंडे अकाली विभाजित होऊ लागेल. मुळीच वाचला गेला नाही तर विकास सुरूच होणार नाही. म्हणून साठ्याइतकेच महत्त्व त्याच्या नियंत्रणाला आहे.

१९७१ मध्ये जॉन गर्डन, चार्ल्स लेन, ह्यू वुडलँड आणि जेरार मार्बे यांनी सशाच्या हिमोग्लोबिनचा संदेशवाहक आरएनए झेनोपसच्या अंडपेशीत टोचला, तेव्हा त्या पेशीने सशाचे प्रथिन तयार केले. अंडपेशीची प्रथिने बनवणारी यंत्रणा तयार असते, हे यावरून सिद्ध झाले. तिचे स्वतःचे अनेक संदेश मूक राहतात, त्याचे कारण त्या संदेशांवरील बंधनात शोधणे मग आवश्यक ठरले. या चौघांपैकी मार्बे हे ब्रुसेल्सच्या परंपरेतील संशोधक होते.

उत्तरायुष्य

१९७० च्या दशकात ब्राशे यांनी झेनोपसच्या अंडपेशींच्या परिपक्वतेकडे लक्ष वळवले. अंडाशयातील पूर्ण वाढलेली अंडपेशी विभाजनाच्या मध्येच थांबलेली असते. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मिळाले, की ती काही तासांत पुढे सरकते आणि फलनक्षम होते. केंद्रक काढून टाकलेल्या अंडपेशीतही या बदलांपैकी बरेच घडून येतात. पारायुक्त काही कार्बनी संयुगांनीही ही परिपक्वता घडवता येते, असे ब्राशे यांच्या गटाने दाखवले. प्रेरणा नवी जनुके जागी करत नाही. ती आधीच असलेल्या द्रव्यांना कामाला लावते, हा या अभ्यासाचा मथितार्थ होता.

ब्राशे यांनी ब्रुसेल्स मुक्त विद्यापीठात प्राध्यापकपद भूषवले आणि इटलीतील नेपल्स येथील आंतरराष्ट्रीय आनुवंशिकी व जीवभौतिकी प्रयोगशाळेत संशोधन संचालक म्हणूनही काम केले. निवृत्तीनंतरही त्यांचे लेखन थांबले नाही. १९८५ मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, रेण्वीय पेशीविज्ञानावरील त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १० ऑगस्ट १९८८ रोजी त्यांचे निधन झाले.

प्रश्नाची पुढील वाटचाल

अंड्यातील मूक संदेशाला वाचा कशी फुटते, याचे रेण्वीय स्पष्टीकरण मुख्यतः ब्राशे यांच्या निधनानंतर झाले. त्याचा शोध ब्राशे यांचा नाही. परंतु त्यांनी ज्या प्रश्नाभोवती आयुष्य घालवले, त्याचेच ते उत्तर आहे.

या उत्तराच्या केंद्रस्थानी फॉस्फोरिलीकरण ही प्रक्रिया आहे. कायनेझ नावाची एंझाइमे प्रथिनाच्या ठरावीक जागी फॉस्फेटचा गट जोडतात आणि फॉस्फेटेझ नावाची एंझाइमे तो काढून घेतात. या लहानशा गटामुळे प्रथिनाचा आकार, विद्युतभार आणि इतर रेणूंशी असलेली त्याची पकड बदलते. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांनी १९५० च्या दशकात स्नायूतील एका एंझाइमाच्या बाबतीत हे प्रथम दाखवले. त्यासाठी त्यांना १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

बेडकाच्या अंडपेशीत संदेशवाहक आरएनए कधीच उघडा नसतो. तो प्रथिनांनी वेढलेला असतो. १९८० च्या दशकातील अभ्यासांत असे आढळले, की या वेढ्यातील काही प्रथिनांवर फॉस्फेट असते आणि ते काढून घेतल्यास त्या प्रथिनांची आरएनएवरील पकड सैल होते. येथे फॉस्फेट संदेश झाकून ठेवण्यास मदत करते.

दुसऱ्या एका प्रथिनाच्या बाबतीत नेमके उलट घडते. १९९४ मध्ये लॉरा हेक आणि जोएल रिख्टर यांनी झेनोपसच्या अंडपेशीतून सीपीईबी हे प्रथिन ओळखले. ते ठरावीक संदेशांच्या शेवटाजवळील युरॅसिलबहुल खुणेला चिकटते. अंडपेशी विश्रांत असताना सीपीईबी त्या संदेशांची ॲडेनिनची शेपटी आखूड ठेवण्यास साहाय्य करते आणि असे संदेश रायबोसोमकडून फारसे वाचले जात नाहीत. प्रोजेस्टेरॉन मिळाल्यावर सीपीईबीवर फॉस्फेट जोडले जाते. मग तेच प्रथिन शेपटी लांबवणाऱ्या यंत्रणेला मदत करते, शेपटी लांब होते आणि संदेशाचे वाचन सुरू होते. हे फॉस्फेट ऑरोरा नावाचे कायनेझ जोडते, असे रिख्टर यांच्या गटाने २००० मध्ये मांडले. काही संशोधकांनी नंतर अन्य कायनेझांकडे निर्देश केला आहे. अशा रीतीने प्रथम मॉस या प्रथिनाचा आणि पुढे सायक्लिन बी या प्रथिनाचा संदेश जागा होतो व अंडपेशीचे थांबलेले विभाजन पुढे सरकते. काम झाल्यावर सीपीईबीवर आणखी फॉस्फेट जोडले जाऊन त्याचा बराचसा भाग नष्ट केला जातो.

म्हणून फॉस्फेट म्हणजे जागे करणारी खूण, असे सरसकट म्हणता येत नाही. एका प्रथिनावर ते मौन टिकवते, दुसऱ्यावर मौन मोडते, तर तेथेच थोड्या वेळाने प्रथिनाचा शेवट घडवते. अर्थ फॉस्फेटमध्ये नसून ते कोठे आणि केव्हा जोडले जाते यात असतो. या व्यवस्थेसाठी नवी जनुके वाचण्याची गरज नसते. सारी सामग्री पेशीद्रव्यात हजर असते. केंद्रकाविना अंड्यात प्रथिननिर्मिती कशी वाढते, या ब्राशे यांच्या जुन्या कोड्याचे कारण याच प्रकारच्या व्यवस्थेत आहे.

सन्मान

ब्राशे यांना १९४८ मध्ये बेल्जियमचा फ्रांकी पुरस्कार मिळाला. १९६६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांची परदेशी सदस्य म्हणून निवड केली. १९६७ मध्ये नेदरलँड्सचा हायनेकेन पुरस्कार त्यांना देण्यात आला. नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले नाही.

ग्रंथलेखन

रासायनिक भ्रूणविज्ञानावरील १९४४ च्या ग्रंथानंतर ब्राशे यांनी जीवरासायनिक पेशीविज्ञान (१९५७), विकासाचे जीवरसायनशास्त्र (१९६०), रेण्वीय भ्रूणविज्ञानाचा परिचय (१९७४) आणि रेण्वीय पेशीविज्ञान (१९८५) या विषयांवर ग्रंथ लिहिले. अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड मर्स्की यांच्यासह त्यांनी पेशी या विषयावरील सहा खंडांच्या ग्रंथमालेचे संपादन केले. हे खंड १९५९ ते १९६४ या काळात निघाले.

मूल्यमापन

ब्राशे यांच्या काही तर्कांना पुढील संशोधनाने आधार दिला नाही. आरएनए हा डीएनएचा कच्चा माल नव्हता आणि पेशीद्रव्यातील आरएनए केंद्रकापासून स्वतंत्रही नव्हते. त्यांची निरीक्षणे मात्र टिकली. स्वादुपिंडातील आरएनएची विपुलता, केंद्रकाविना शैवलातील प्रथिननिर्मिती आणि केंद्रकाविना अंड्यातील जागृती या तिन्ही गोष्टी आज पाठ्यपुस्तकांत निराळ्या स्पष्टीकरणासह, परंतु खऱ्या म्हणून नोंदल्या जातात. अंड्याच्या पेशीद्रव्यात भावी जीवाविषयीचे काही निर्णय आधीच असतात, हे आल्बेर ब्राशे यांचे मत होते. ते निर्णय आरएनएच्या रूपाने असू शकतात, हे त्यांच्या मुलाच्या संशोधनाने पुढच्या पिढीला दाखवले.